पाचव्या कमानीचा उरलेला दगड

१

रोज सकाळी साडेसातला दोघे भाऊ घरातून निघत आणि रोज उंबऱ्यातच त्यांचं वाजे. आज डब्याची पिशवी कुणी धरायची, उद्या छत्री घ्यायची की नाही, परवा कुलूप कुठे ठेवलं. थोरले पासष्टचे, धाकटे एकोणसाठचे. दोघेही दगडाचं काम करणारे. गावात त्यांना थोरले मिस्त्री आणि धाकटे मिस्त्री एवढंच म्हणत. खरी नावं फक्त कागदोपत्री उरली होती. धाकट्यांची बायको बारा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते थोरल्यांच्याच घरी, माडीवरच्या खोलीत राहत. भिंतींना कान असतात म्हणतात. त्या घराच्या भिंतींना तर अख्ख्या गल्लीचे कान होते, आणि गल्लीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. फुकटची करमणूक कुणाला नको असते?

भांडण निवलं की वहिनी दारात येऊन धाकट्यांना एकच वाक्य सांगत.

"भाऊजी, ह्यांना घेऊन या हं परत."

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी एका शाळेच्या भिंतीचं काम चालू असताना थोरल्यांना परांचीवर चक्कर आली. दोन पुरुष उंचीवरून पडले ते नेमके वाळूच्या ढिगावर, म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, उंचीवरचं काम बंद करा. थोरल्यांनी डॉक्टर बदलला. शेवटी वहिनींनी नवऱ्यापुढे हात टेकले आणि दिराला धरलं: ते जातील तिथे तुम्ही जायचं, आणि संध्याकाळी त्यांना घेतल्याशिवाय या दारात पाय ठेवायचा नाही. धाकटे हो म्हणून बसले आणि विकतचं दुखणं गळ्यात पडलं. पासष्ट वर्षांच्या हट्टी माणसाला सांभाळणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं; ओरखडे आपल्यालाच.

सध्या काम होतं नदीवरच्या जुन्या पुलाचं. पूल दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा. काळ्या दगडाच्या पाच कमानी, खांबांना पाण्याची धार फोडणारी टोकदार नाकं, आणि वर दोन घोडागाड्या अंग चोरून एकमेकींजवळून जातील एवढीच रुंदी. पुढे मोटारी आल्या तसं वर डांबर पडलं, कठड्याला रंग लागला, रंग उडाला. आठ मैलांवर नवा रुंद पूल झाल्यापासून इकडची वर्दळ आटली. पलीकडच्या काठाला एक बंद चौकी, डोंगर चढत जाणारा रस्ता, बाकी कुणी नाही. त्या काठाला टेकलेली पाचवी कमान झाडाच्या मुळांनी उसवली होती. तिचे दर्शनी दगड उतरवून पुन्हा रचायचे, हे काम या दोघांकडे आलं. सगळं काम अलीकडूनच चाललं होतं. क्रेन चौथ्या कमानीवर उभी आणि पाचवीवरचा रस्ता खणलेला, त्यामुळे सहा महिन्यांत त्या काठाला कुणाचा पाय लागला नव्हता.

२

कमानीचे दगड उतरवायचे तर आधी त्यांना नंबर घालावे लागतात. प्रत्येक दगड त्याच्या त्याच्या जागेसाठी पाचरीसारखा घडवलेला. शेजाऱ्याच्या जागी तो बसत नाही. भावांची पद्धत अशी, की थोरल्यांनी दगडाच्या तोंडावर तांबड्या रंगाने आकडा घालायचा, आणि दगड उतरला की धाकट्यांनी त्याच्या आतल्या, झाकल्या जाणाऱ्या अंगावर छिन्नीने एक फुली मारायची. रचताना आधी धाकट्यांनी फुली बघायची, मग थोरल्यांनी आकडा वाचायचा, मग दगड चढवायचा. दोन माणसं, दोन खुणा. तीस वर्षांत एक दगड चुकला नव्हता. त्याचं श्रेय कुणाचं, यावरचं भांडणही तीस वर्षांचंच होतं.

पाचव्या कमानीचे दर्शनी दगड एक्केचाळीस. सगळे चढले, शेवटी चावी, म्हणजे माथ्यावरचा मधला दगड, बसली, चुना सुकला, खालचा लाकडी साचा निघाला, कमान आपल्या भारावर उभी राहिली. वर भराव पडला, रस्ता झाला. शनिवारी पूल उघडायचा ठरला. सोमवारी सकाळी चौथ्या कमानीवरचं सामान आवरताना धाकट्यांनी एक ताडपत्री उचलली, तर खाली दगड.

तोंडावर तांबडा आकडा. तेवीस.

"दादा, हा कुठला?"

"कुठला म्हणजे? तेवीस."

"तेवीस वर बसलाय की."

"मग हा तेवीस नसेल."

"अरे, तूच लिहिलंयस!"

"मी लिहिलंय ना? मग तेवीसच असणार."

धाकट्यांनी कपाळावर हात मारून घेतला. कठड्यावर पालथं पडून त्यांनी कमानीत डोकावून पाहिलं. चावी एकविसावी, तिच्या शेजारी बावीस, त्याच्या शेजारी तेवीस. तोच रंग, तोच थोरल्यांचा उगाच शेपूट लांबवलेला तीन. सांध्यात सुईसुद्धा जाणार नाही इतका चपखल बसलेला.

"तू दोनदा लिहिलंस," धाकटे म्हणाले.

"तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून आकडे लिहितोय मी."

"मग हा आकाशातून पडला का?"

"तूच काहीतरी घोळ घातला असशील. उलटा कर बघू."

दोघांनी पहार लावून दगड उलटवला. आतल्या अंगावर फुली होती. डावीकडची रेघ थोडी घसरलेली, छिन्नी निसटून. त्या दिवशी धाकट्यांच्या अंगठ्याला लागलं होतं. अंगठ्यावर अजून वण होता.

थोरल्यांनी फुलीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"आणि वरच्या तेवीसवर?"

"असेल की," धाकटे म्हणाले.

खरं तर त्यांनी बघितलंच नव्हतं. तेवीस चढवायच्या वेळी थोरल्यांचा चष्मा सापडत नव्हता, त्यावरून दोघांचं जुंपलं होतं, क्रेनवाला वरून खेकसत होता, आणि त्या गडबडीत धाकट्यांनी फुली न बघताच "चालू दे" म्हणून हात केला होता. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. तेव्हा चष्मा थोरल्यांच्या डोक्यावरच होता, हे मात्र ते सगळ्यांना सांगत.

३

इंजिनिअर मॅडम दुपारी आल्या. तरुण, हुशार, आणि या दोघांपायी सहा महिन्यांत दहा वर्षांनी थकलेल्या.

"मिस्त्री, शनिवारी पूल उघडतोय. मला आता नवीन काही सांगू नका."

"नवीन नाही मॅडम, जुनंच आहे," थोरले म्हणाले. "दगड उरलाय. कमान उघडावी लागेल."

मॅडमनी डोळे मिटले, उघडले. मग यादी काढली. उतरवताना प्रत्येक दगडाची मापं लिहिलेली होती. तेवीसची मापं त्यांनी उरलेल्या दगडाला लावून पाहिली. लांबी, रुंदी, दोन्ही बाजूंचा उतार, खालच्या कोपऱ्याचा तुटका टवका. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही.

"म्हणजे हाच तेवीस," धाकटे म्हणाले.

"मग वर कोण आहे?" थोरल्यांनी विचारलं.

मॅडमना तो 'कोण' आवडला नाही. "वर दगड आहे. कमानीत एक्केचाळीस दगड आहेत, मी आत्ता मोजले. कमान पक्की आहे, वजनाची चाचणी झाली आहे. हा जास्तीचा कुठून तरी आला असेल. तीनदा दुरुस्ती झालेला पूल आहे हा. दर वेळी हीच पाचवी कमान, फाइलीत आहे सगळं. पण एवढा काथ्याकूट कुणी केल्याचं काही लिहिलेलं नाही."

त्या गेल्यावर धाकट्यांनी लांब दांड्याचा हातोडा घेतला. दगड पोकळ असला, फुटका असला, तर आवाजावरून कळतं; एवढं तरी करावं म्हणजे दादाचं तोंड बंद होईल. पाचव्या कमानीच्या माथ्यावर जाऊन ते कठड्यावर ओणवे झाले. एकवीसवर मारलं. टण्. बावीसवर मारलं. टण्. मग तेवीसवर मारायला हातोडा मागे नेला.

टण्.

त्यांचा हात हवेतच राहिला. हातोडा दगडापासून वीतभर लांब होता.

त्यांनी मारलं. हातोडा टेकला तेव्हा काहीच वाजलं नाही. पुन्हा उचलला; खाली यायच्या आधीच, स्वच्छ, खणखणीत, टण्. चांगल्या दगडाचा वाजतो तसाच. फक्त घाईत असल्यासारखा.

आता साठीला आलेल्या माणसाचे कान, तीस वर्षं दगडावर घण ऐकलेले. वाजतात कान. समोरच्या काठावरून पडसाद येतो, तो मागेपुढे होतो. धाकट्यांनी स्वतःला हे सगळं नीट समजावलं. मग हातोडा खाली ठेवून हात पॅन्टला पुसले, आणि थोरल्यांना जाऊन सांगितलं, "दगड शाबूत आहे. आता बस कर."

४

पण थोरले बस करणाऱ्यांतले नव्हते. सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवारची सकाळ त्यांनी एकच टुमणं लावलं: कमान उघडा. मजुरांना सांगितलं, क्रेनवाल्याला सांगितलं, मॅडमना तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा मॅडम धाकट्यांना म्हणाल्या, "तुमच्या भावाला आवरा, नाहीतर दोघांनाही कामावरून काढते."

मंगळवारी दुपारी थोरले सावलीत डबा उघडून बसले, तेव्हा धाकट्यांनी पहार घेतली. कठड्यात पाण्याच्या निचऱ्यासाठी एक रुंद फट सोडलेली होती. दगड घासत, शिव्या घालत त्यांनी तिथवर आणला आणि ढकलला. मुद्दाच संपला! ना दगड राहील, ना कटकट.

पाणी उन्हाळ्याचं, कंबरभर आणि नितळ. दगड तळाला टेकला, गाळ उठला, हळूहळू बसला. धाकटे बघत होते. तेवीस एकटा नव्हता. त्याच्या अंगाला अंग लावून आणखी तीन दगड होते. शेवाळलेले, पण घडीव, नदीचे नव्हेत. त्यांतल्या एकाच्या तोंडावर कुणीतरी आकडा कोरलेला होता, जुन्या वळणाचा.

तीनदा दुरुस्ती, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

"दगड कुठेय?" मागून थोरल्यांचा आवाज आला.

"नदीत."

थोरले लाल झाले. "अरे, तू माणूस आहेस की कोण? आपल्या हातचा दगड तू—"

"बसला तो बसला, उरला तो फेकला! कमान उभी आहे ना? मग कसला बाऊ करतोयस? सगळं गाव हसतंय आपल्याला."

"तू त्याची फुली पाहिली होतीस?"

धाकटे पहारीवरची माती पुसायला लागले.

"पाहिली नव्हतीस," थोरले म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "मी पलीकडच्या काठावर उतरून खालून बघतो. तू येतोयस?"

"वहिनींनी काय सांगितलंय? चढउतार करायची नाही."

"म्हणून तर म्हणतो, ये."

"मी नाही येत. जा, जिथे जायचं तिथे जा. माझं डोकं उठलंय तुझ्यापायी."

तर थोरले एकटे गेले. चौथी कमान, पाचवी कमान, मग पलीकडचा काठ. सहा महिन्यांत पुलावरून पलीकडे गेलेला पहिला माणूस. चौकीच्या आडून ते खाली उतरताना दिसले, मग दिसेनासे झाले. धाकटे पाठ फिरवून थर्मासमधला चहा पीत बसले. पाच मिनिटं राग टिकला. नंतरची दहा मिनिटं ते नुसतेच बसले होते.

बुटांचा आवाज आला म्हणून त्यांनी वळून पाहिलं. थोरले पाचव्या कमानीवरून येत होते. चपळ, ताठ. एक पाऊल वाजलं, मग पाय टेकला. पुन्हा वाजलं, मग टेकला.

"काय, झालं समाधान?" धाकट्यांनी विचारलं.

"बरोबर होतं तुझं," थोरले म्हणाले. "दगड नीट बसलाय."

एकोणसाठ वर्षांत हे वाक्य धाकट्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

५

बुधवारी सकाळी गल्लीची निराशा झाली. साडेसात वाजले, दार उघडलं, दोघे बाहेर आले, आणि काहीच झालं नाही. धाकटे मुद्दाम म्हणाले, "पिशवी डाव्या हातात धर." थोरल्यांनी धरली. धाकटे म्हणाले, "नको, उजव्या." थोरल्यांनी बदलली आणि हसले.

लोक म्हणतात, भाऊ समजूतदार झाला तर देव पावला. धाकट्यांना मात्र दिवसभर दातात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहिलं. उंचीला घाबरला असेल. वय झालंय. चक्कर येऊन गेली असेल आणि सांगत नसेल. दुपारी चहाला बोलावलं तर आला, जेवायला बोलावलं तर आला. कुणाचा चष्मा नाही हरवला, कुणाच्या आकड्याला नावं नाही ठेवली. माणूस असा वागायला लागला तर समोरच्याने रागवायचं तरी कशावर?

संध्याकाळी घरी आल्यावर धाकटे ओट्यावर हातपाय धूत होते. आत कडी वाजली. त्यांनी वर पाहिलं. थोरले अजून अंगणात होते. दाराकडे चालत जात होते. दाराशी पोचून त्यांनी कडीला हात लावला. कडी निमूटपणे उघडली.

कान वाजतात, धाकट्यांनी स्वतःला सांगितलं. मग धुतलेले पाय त्यांनी पुन्हा धुतले.

६

पलीकडच्या काठावर माणूस आहे, हे त्यांना गुरुवारी सकाळी दिसलं.

चौकीच्या खाली, पाण्याजवळ. एवढ्या लांबून चेहरा दिसायचा नाही, आणि खांबांवर आपटणाऱ्या पाण्यापुढे हाक ऐकू यायची नाही. पण खांद्यावर टॉवेल होता. तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होता, मग थांबत होता, मग एक हात कमरेवर ठेवून दुसऱ्या हाताने कपाळ बडवत होता. मूर्ख माणसाशी बोलायची वेळ आली की थोरले नेमकं हेच करायचे. लहानपणापासून धाकट्यांइतकं ते कुणीच पाहिलं नव्हतं.

थोरले तर त्यांच्या शेजारीच होते. कठड्याला रंग देत होते.

"कोण आहे रे तिकडे?" त्यांनी मायेने विचारलं.

"कुणी नाही," धाकटे म्हणाले. "गुराखी असेल."

त्या संध्याकाळी थोरले आंघोळीला गेल्यावर वहिनींनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. हातात पळी होती. ती पुसून पुसून कोरडी झाली होती.

"भाऊजी, मंगळवारी तुम्ही ह्यांच्याबरोबर होतात ना? पूर्ण वेळ?"

धाकट्यांनी मान खाली घातली. "पंधरा मिनिटं नव्हतो, वहिनी."

वहिनींनी पळी फळीवर ठेवली. न्हाणीघरात तांब्या वाजला, आणि त्यानंतर पाणी पडलं.

"चाळीस वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या. "एक दिवस असा गेला नाही, की जेवणाला नाव ठेवलं नाही. मीठ कमी, मीठ जास्त, हे कच्चं, ते करपलं. वैतागले होते मी ह्या माणसाला. काल मी मुद्दाम मीठ घातलंच नाही कशात. तर म्हणतात कसे, छान झालंय. आज दुप्पट घातलं. छान झालंय! ताटावर चमचा ठेवायच्या आधी चमचा वाजतो. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

"नाही फिरलेलं."

"मग खरं सांगा. तुम्ही घरी आणलंत कुणाला?"

धाकट्यांनी त्यांना सगळं सांगितलं. न पाहिलेली फुली, हातोडा, नदी, काठावरचा माणूस. नवऱ्याला घेतल्याशिवाय दारात पाय ठेवू नका म्हणणारी बाई आता ओरडेल, म्हणून ते वाट बघत राहिले. वहिनी ओरडल्या नाहीत.

"तो घरात आहे तो मला काही त्रास देत नाही," त्या म्हणाल्या. "हाच तर त्रास आहे. मला माझा माणूस आणून द्या, भाऊजी. भांडकुदळ आहे, पण माझा आहे. परवा पूल उघडला, माणसं यायला-जायला लागली, की कोण कुठे राहिला ते कोण शोधणार?"

७

शुक्रवारी दुपारी काम बंद होतं. मजूर गेले होते, क्रेन हलवली होती. पूल धुऊन, रंगवून, कडेला पताका लावून तयार. वहिनी धाकट्यांबरोबर पुलाच्या अलीकडच्या टोकापर्यंत आल्या. थोरलेही आले. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं, पण नको म्हटलं असतं तरी ते हसून थांबले असते, आणि ते बघायची दोघांचीही हिंमत नव्हती. ते सावलीत, वहिनींच्या शेजारी, हात बांधून उभे राहिले.

पलीकडे तो माणूस होता. धाकटे पुलावर चढलेले बघताच त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि जिवाच्या आकांताने हलवायला लागला.

"आलो, आलो," धाकटे पुटपुटले. "तीन दिवस ताटकळला, आता दोन मिनिटं धीर धरवत नाही. मेल्याचा स्वभाव."

खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटत होतं. शिव्या बसतील, बसू देत. हाताला धरून आणायचं आणि वहिनींपुढे उभं करायचं; बाकीचं नंतर बघू. पहिली कमान गेली, दुसरी गेली. तो माणूस आता उड्या मारत होता. तिसरी. चौथी. पाचव्या कमानीच्या माथ्यावर त्यांच्या पायांखाली काहीच झालं नाही. ना हादरा, ना आवाज. त्यांना तेवढंच हवं होतं.

ते पलीकडच्या काठावर उतरले आणि थांबले.

मागे पुलावर त्यांच्या बुटांचा आवाज थांबला नाही. तो चालत राहिला. त्यांच्यापासून लांब, ज्या बाजूने ते आले होते त्या बाजूला.

"गाढवा!" थोरले उतारावरून धापा टाकत वर आले. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे लाल, आवाज बसलेला. "बैला! तीन दिवस, तीन दिवस मी हात हलवून सांगतोय, येऊ नकोस! पुलावरून येऊ नकोस! आणि तू? ऐटीत चालत आलास!"

"मला वाटलं, बोलावतोयस."

"कशाला बोलावीन? तुझं तोंड बघायला?"

आणि मग त्यांनी धाकट्यांचा खांदा धरला, आणि तो सोडलाच नाही.

"चल घरी," धाकटे म्हणाले. "वहिनी उभ्या आहेत. पुलावरून नको तर पाण्यातून जाऊ."

"पाण्यातून चारदा गेलो. तिकडच्या काठाला पाय लागतो आणि वर चढून बघावं तर हीच चौकी. रस्त्याने गेलो, डोंगर ओलांडला, पुन्हा हीच चौकी. आणि भूक लागत नाही रे. तहान नाही. तीच तर पंचाईत आहे."

धाकट्यांनी वळून पाहिलं. पुलाच्या त्या टोकाला एक माणूस पोचला होता. साठीकडे झुकलेला, डावा खांदा जरा उतरता, तीस वर्षं घण मारून उतरतो तसा. तो वहिनींशी बोलत होता. काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं, पण ते सांगायची गरज नव्हती. तिकडे कुणी नव्हतं, वहिनी. चला घरी. त्याच्या शेजारचे थोरले मान हलवत होते. तिघं जायला वळली. किती नीट दिसत होती ती तिघं! जिथल्या तिथे, सांध्यात सुई जाणार नाही अशी.

मग वहिनी थबकल्या. त्यांनी नुकत्याच आलेल्या धाकट्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. कपाळावर हात आडवा धरून पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथे आता दोन माणसं होती.

वहिनींनी पुलावर पाऊल ठेवलं.

"नको!" दोघे भाऊ एकदम ओरडले. दोघांनी हात डोक्यावर नेले. "वहिनी, नको! मागे फिरा! अगं, नको येऊस!"

वहिनी चालायला लागल्या. भरभर.

"हात खाली कर," थोरल्यांचा आवाज फाटला. "तिला वाटतंय बोलावतोय आपण. खाली कर, खाली कर!"

हात खाली आले. वहिनी दुसऱ्या कमानीवर पोचल्या होत्या. मागे ती दोन माणसं सावलीत हात बांधून उभी होती. त्यांना काही घाई नव्हती.

"पाठ फिरव," थोरले म्हणाले. "आपण परके वाटलो पाहिजे तिला. गुराखी. कुणीही."

धाकट्यांनी उलट उत्तर दिलं नाही. दोघे डोंगराकडे तोंड करून, एकमेकांपासून जरा लांब, अनोळखी माणसं उभी राहतात तसे उभे राहिले. मानेवर ऊन लागत होतं. समोर चौकीच्या खिडकीला काच नव्हती. असती तर निदान तिच्यात मागचं काही दिसलं असतं.

"जा गं घरी," थोरले डोंगराला म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदा तरी ऐक माझं."

आधी नुसतं पाणी ऐकू येत होतं. मग पाण्यात मिसळलेल्या चपला. तिसरी कमान असावी. चौथी असावी. चपला थांबल्या. वैतागलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी राहते तेवढा वेळ गेला.

चपला पुन्हा वाजायला लागल्या. जवळ येत होत्या की लांब जात होत्या, ते वळून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि वळून पाहिलं असतं, तर त्यांचे चेहरे वहिनींना दिसले असते.